नहाणीत भेटलेल्या दोन बाटल्या

ओमानमधल्या मत्रहच्या बाजारात दुपारी एक वाजला की शटर खाली येतात आणि चारच्या सुमारास पुन्हा वर जातात. मधले तीन तास आमचे. जिने, स्वच्छतागृहं, लिफ्टसमोरच्या लाद्या, जे काही धुवायचं ते याच वेळात धुवून कोरडं करायचं. मी मूळचा चिपळूण तालुक्यातला. कॉर्निशपासून, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यापासून, जवळच एका व्यापारी इमारतीत हाउसकीपिंगचा सुपरवायझर होतो. ही गोष्ट सांगायला मला बरीच वर्षं लागली, कारण चूक माझी होती.

हिवाळ्याचे दिवस होते. २०१४ साली सुलतान काबूस बंदरातली व्यापारी मालवाहतूक सोहारला हलली आणि आमच्या बाजूच्या या बंदरात पर्यटकांच्या जहाजांना महत्त्व आलं. दुसऱ्या दिवशी असंच एक जहाज लागणार होतं. मालकाचा माणूस तळमजल्याच्या स्वच्छतागृहात उभा राहून म्हणाला, "लाद्या पांढऱ्या, मग फटी काळ्या का?"

मी चाचांना हाक मारली. चाचा म्हणजे चितगावकडचे, पन्नाशी उलटलेले, कामाला वाघ. "चाचा, ॲसिड मारो. चार बजे से पहले सफेद मंगता है." शब्द माझेच.

चाचांनी फटींवर ॲसिड ओतलं आणि गुडघे टेकून ब्रश मारायला घेतला. ॲसिड उताराने नहाणी ट्रॅपकडे गेलं. त्या ट्रॅपमध्ये सकाळच्या पाळीच्या पोराने, वास मारतोय म्हणून, अर्धी बाटली ब्लीच ओतून ठेवलं होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही, मी कुणाला विचारलं नाही. एक्झॉस्ट पंखा आठवडाभर बंद होता आणि त्याच्या तक्रारीची चिठ्ठी माझ्याच खिशात घडी घालून पडली होती.

बाहेर मला खोकला ऐकू आला. आधी साधा, मग थांबेचना. दार उघडलं तर पोहण्याच्या तलावावर येतो तसला वास, पण कैक पटींनी तिखट. चाचा भिंत धरून उभे, डोळ्यांतून धारा. मी श्वास कोंडून आत शिरलो आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. त्यात शहाणपण नव्हतं, नशीब होतं. वायू आणखी साचला असता तर आत दोघं पडलो असतो.

हॉस्पिटलात त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. या वायूने कधी कधी काही तासांनंतर फुप्फुसात पाणी भरतं, म्हणून लगेच घरी सोडत नाहीत, असं डॉक्टरांनी समजावलं. चाचा दुसऱ्या दिवशी बरे होऊन परतले. दाराच्या संगमरवरी उंबऱ्यावर मात्र ॲसिडचे ओघळ कायमचे उमटले.

नंतर मी वाचून, विचारून जे समजून घेतलं ते असं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्याला ॲसिड लागलं की क्लोरीन सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. हवेपेक्षा तो सुमारे अडीच पट जड, म्हणून जमिनीलगत साचतो. उभ्या माणसापेक्षा ओणवा होऊन फटी घासणाऱ्याच्या नाकात तो आधी जातो. आपलं काम नेमकं ओणवं होऊनच करायचं असतं!

"मी कधीच दोन केमिकल मिसळत नाही," असं सगळे म्हणतात. चाचांनीही मिसळली नव्हती. बाटल्या बादलीतच भेटतात असं नाही. ट्रॅपमध्ये, ओल्या मॉपमध्ये, न धुतलेल्या मगात, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात त्या भेटतात. म्हणून पहिला नियम हा: बाटली उघडण्याआधी इथे शेवटचं काय ओतलं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर जमीन आणि ट्रॅप भरपूर साध्या पाण्याने वाहून काढा, पंखा चालू करा, दार उघडं ठेवा, मगच कामाला लागा. ब्लीचचं ॲसिडशी जसं वैर, तसंच व्हिनेगरशी, आणि काच पुसायच्या अमोनियावाल्या पाण्याशीही.

दुसरं, मळ ओळखा. काळ्या फटीत बहुतेकदा मॉपचंच घाणेरडं पाणी मुरलेलं असतं. फट लादीपेक्षा खोलगट, त्यात सिमेंट सच्छिद्र. पुसताना पाणी तिथेच उतरतं. तो मळ आणि तेलकटपणा साबणाच्या जातीच्या, म्हणजे अल्कली क्लीनरने निघतो. सोडियम परकार्बोनेटची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं फटीवर राहू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा, मळकं पाणी लगेच व्हॅक्यूमने किंवा वायपरने ओढून घ्या. कालवलेलं परकार्बोनेट झाकणबंद बाटलीत साठवू नका, आत वायू साठून बाटली फुटते. तारेचा ब्रश फट खरवडतो आणि पुढचा मळ आणखी लवकर बसतो.

ॲसिडची गरज क्षारांच्या पांढऱ्या थरालाच पडते, आणि तिथेही सगळ्यात शेवटी. ॲसिड मळ काढत नाही, सिमेंटच खातं. आज फट उजळ दिसते, कारण तिचा वरचा पापुद्रा गेलेला असतो. वापरावंच लागलं तर सौम्य सल्फॅमिक घ्या, आधी फटी पाण्याने भिजवून घ्या म्हणजे ॲसिड आत मुरत नाही, आणि पातळ करताना पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. ओमानमध्ये संगमरवर जागोजागी आहे. त्याच्या आसपास ॲसिड नकोच. इतरत्रही आधी कोपऱ्यातल्या हातभर जागेवर करून बघा.

तिसरं, माणूस सांभाळा. निळा कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, वायू नाही. हातमोजे, चष्मा, रबरी बूट हवेतच, पण उघडी खिडकी त्यांच्याही आधी. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत केमिकल कधीही भरू नका. आखातातल्या उन्हाळ्यात तहानलेला माणूस लेबल वाचत बसत नाही. आणि लेबल असलं तरी ते बहुधा अरबी-इंग्रजीत. चाचांना फक्त बांगला वाचता येत होतं. म्हणून लाल चौकटीतली चित्रं शिकवा: हात जळतानाचं चित्र दिसलं की हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही.

वास आलाच तर बाटली, ब्रश, बादली तिथेच टाकून बाहेर पडा. आत अडकलेल्यासाठी स्वतः न शिरता मदत बोलवा. ओमानमध्ये ९९९९, भारतात ११२. केमिकल डोळ्यांत गेलं असेल तर डोळे किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. बरं वाटलं तरी डॉक्टरकडे जाच.

या सगळ्यात आमच्या इमारतीत टिकलं ते एक शंभर पानी वहीचं काम. स्वच्छतागृहाच्या दाराशी दोरीने बांधलेली वही: काय ओतलं, किती वाजता, कुणी. लिहिता येत नसेल त्याने रंगीत ठिपका द्यायचा, ब्लीचला निळा, ॲसिडला लाल. आणि चार वाजेपर्यंत फटी पांढऱ्या झाल्या नाहीत तर शटर तसंच वर जाईल, हे मी मालकाच्या माणसाला तोंडावर सांगायला शिकलो.

त्यानंतर मी मत्रहला होतो तोवर चाचा दारात थांबून आधी वास घ्यायचे, वहीवर बोट फिरवायचे आणि मला विचारायचे, "आज कौनसा बोतल चला?" मी सुपरवायझर असून हा प्रश्न त्यांनी मला विचारायचा, याची थोडी लाज वाटायची. उत्तर दिल्याशिवाय ते आत पाऊल टाकायचे नाहीत, आणि मीही टाकू द्यायचो नाही.