माध्यमांचा अभ्यासक ते मालिकेचा लेखक: वरशात बसून करायची कृती

माध्यम अभ्यासात एम.ए. झालंय, कदाचित कॉलेजात शिकवताही. आता मालिका लिहायच्या आहेत ना? छान! त्यासाठी आजच मुंबईत खोली शोधायला नको. सुरुवातीचं जवळजवळ सगळं काम रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरच्या टेबलावर होतं. चला, बसू या.

लागणारं साहित्य: मालिका थांबवून बघता येईल असा टीव्ही किंवा मोबाइल, जाड वही, युनिकोड मराठी टाइप होणारा लॅपटॉप आणि रोज संध्याकाळचे दोन तास.

१. एक चालू मराठी मालिका निवडा. घरातलं कुणीतरी न चुकता बघतं, तीच घ्या. शोधनिबंधाला सोयीची म्हणून निवडलीत, तर पुन्हा शोधनिबंधच होईल.

२. श्रेयनामावली थांबवून नावं उतरवा. कथा, पटकथा आणि संवाद ही कामं अनेकदा वेगवेगळ्या माणसांकडे असतात. निर्मितीसंस्थेचं नावही टिपा. वाहिनी आणि निर्मितीसंस्था यांत गल्लत नको: मालिका वाहिनीवर दिसते, पण नव्या लेखकाला काम बहुधा निर्मितीसंस्थेतून मिळतं.

३. एक भाग सीनवार वहीत उतरवा. अर्ध्या तासाच्या वेळेत प्रत्यक्ष गोष्टीला साधारण २० ते २२ मिनिटंच मिळतात. प्रत्येक सीनपुढे तीनच गोष्टी लिहा: जागा कुठली, माणसं कोण, सीन संपताना काय बदललं. अभ्यासकाचा हात नेमका इथे घसरतो. ‘पितृसत्ताक मूल्यांचं पुनरुत्पादन’ असं लिहिलंत, तर खोडा. ‘सासूने तिजोरीच्या किल्ल्या काढून घेतल्या’ असं लिहा. ही एक सवय लागली की निम्मं शिक्षण झालं म्हणून समजा. ती लागेपर्यंत रोज एक भाग उतरवा. पुढच्या पायरीची घाई करू नका.

४. स्वतःच्या मालिकेसाठी ओळखीचं एक जग निवडा. तुमच्या आसपास ते भरपूर आहे: धाटावच्या एमआयडीसीतली पाळी, कुंडलिकेकाठची घरं, पेणचे गणपती कारखाने. आपण पेणचा कारखाना घेऊ. सासरे शाडूवर अडून बसलेत, थोरल्या मुलाला पीओपीच्या मोठ्या ऑर्डरी हव्यात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी थोरली सून करते, पण नाव नवऱ्याचं होतं. बघा, भांडण तयार आहे! नुसता ‘विषय’ निवडून थांबू नका; दोन माणसांना एकाच वेळी पुऱ्या होणार नाहीत अशा गोष्टी हव्या असल्या पाहिजेत.

५. पाच पात्रांची प्रत्येकी एक ओळ लिहा: त्याला काय हवंय आणि आड कोण येतंय. बालपण, स्वभाव, आवडता रंग आत्ता नको.

६. आता सहा भागांचा ‘वन लाइनर’ लिहा, म्हणजे कोणत्या सीनमध्ये काय घडतं ते एकेका ओळीत. प्रत्येक भाग अशा जागी सोडा की बघणारा उद्या परत आलाच पाहिजे. आपल्या गोष्टीत पहिला भाग इथे सोडता येईल: मुंबईचा व्यापारी डोळ्यांवरून खूश होऊन ‘आखणी कुणाची?’ विचारतो आणि सून तोंड उघडणार, तोच सासरे दारात. दर भागाला अपघात किंवा स्मृतिभ्रंश आणू नका, सातव्या भागाला हात रिकामे राहतील.

७. त्यातला एक सीन संवादांसह पूर्ण लिहा. वर सीनचा क्रमांक, आतलं की बाहेरचं चित्रीकरण, स्थळ, दिवस की रात्र, एवढं हवंच. सगळ्यांच्या तोंडी एकच पुस्तकी मराठी घालू नका. २०१६ साली आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’मधलं मालवणी वळण महाराष्ट्रभर ऐकलं गेलं, ते संवाद प्रल्हाद कुडतरकरांनी लिहिले आणि पांडूची भूमिकाही त्यांनीच केली. तुमच्या कानात पेण-रोह्याची आगरी आहे. निदान एका पात्राला ती द्या.

८. सीन दुसऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्या. रोह्यातले हौशी नाटकवाले मिळाले तर उत्तम, नाहीतर घरचेच बसवा. तुम्ही स्वतः वाचू नका, तुमचा आवाज कच्ची वाक्यं झाकतो. जीभ अडखळली तिथे खूण करा.

९. खुणांची वाक्यं दुरुस्त करून संपूर्ण पहिला भाग लिहून काढा.

१०. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन संहितेची ऑनलाइन नोंदणी करा. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, लिहिलेल्या मांडणीला मिळतो. म्हणून ही पायरी मेल पाठवण्याच्या आधीच!

११. दुसऱ्या पायरीतल्या निर्मितीसंस्थेला एका परिच्छेदाची मेल आणि सोबत एकच सीन पाठवा. ‘माझी मालिका घ्या’ म्हणू नका. ‘संवादलेखकाला सहायक हवा असेल तर मी तयार आहे’ म्हणा. प्रबंध जोडू नका.

१२. बोलावणं आलं की भेटायला जा. रोह्याहून दिव्याची मेमू आहे, पण गाड्या मोजक्या असतात. परतीची वेळ आधी बघून निघा.

१३. चाचणीचा सीन दिला तर सांगितलेल्या वेळेआधी पाठवा. बदल सुचवले की ते वहीत घ्या आणि लगेच पुन्हा लिहा. वर्गात मुद्दा सिद्ध करायची सवय इथे बाजूला ठेवा. उद्याच्या चित्रीकरणाला पानं हवी असतात.

१४. करार पूर्ण वाचून मगच सही करा. तीन गोष्टी शोधा: भागामागे किती मानधन, ते किती दिवसांनी आणि श्रेयात नाव कुठे. तीन-तीन महिने पैसे न येणं या धंद्यात नवीन नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, तेव्हा ‘नंतर बघू’वर थांबू नका.

१५. कॉलेजची नोकरी सर्वात शेवटी सोडा. काम नियमित सुरू होऊन पहिलं मानधन खात्यात जमा झाल्यावरच राजीनामा लिहा.