व्यवसायोपचार : प्राथमिक शिक्षकांस परिचय



सुमारे तीस वर्षांपूर्वी मी तिसरीचा वर्ग शिकवीत असे. एका विद्यार्थ्याच्या वहीवर ‘आळस सोड, अक्षर सुधार’ हा शेरा मी वर्षभर लिहीत राहिलो. तो मुलगा तोंडी गणिते सर्वांआधी सोडवी. परंतु चार ओळी लिहून होताच पेन्सिल खाली ठेवून बोटे चोळीत बसे. सदऱ्याच्या गुंड्या त्याला लावता येत नसत, डबाही तो शेजाऱ्याकडून उघडून घेई. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते, तरी त्याचा अक्षराशी काही संबंध असेल, अशी शंका मला आली नाही. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे एका शिबिरात व्यवसायोपचारतज्ज्ञ बाई अशाच एका मुलाची बोटे तपासत होत्या. ते पाहताना मला माझा शेरा आठवला व मान खाली गेली.

‘व्यवसायोपचार’ हे नाव जरा फसवे आहे खरे. येथे व्यवसाय म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा असे समजू नये. अंघोळ, जेवण, लेखन, खेळ, घरकाम, नोकरी, अशी जी जी कामे मनुष्याचा दिवस व्यापतात, ती सर्व या शब्दात येतात. भौतिकोपचारात स्नायूंचे बळ व सांध्यांची हालचाल यांवर विशेष भर असतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतो की, हा हात घास तोंडापर्यंत नेतो काय? नेत नसेल, तर तो हाताला सराव देतो, चमच्याची मूठ जाड करतो किंवा बसण्याची रीत बदलतो. पक्षाघात झालेले वृद्ध, भाजलेले रुग्ण, मनोरुग्ण, मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेली व स्वमग्न बालके, या सर्वांस या विद्येचा उपयोग होतो.

या विद्येची संघटना अमेरिकेत १९१७ साली उभी राहिली, आणि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेत तिला बळ मिळाले. भारतात ती आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांचे. जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहानंतर कमला निंबकर झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ साली जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताची गणना झाली. फलटणचे कमला निंबकर बालभवन पुष्कळांनी पाहिले असेल. ते नाव त्यांचेच.

आता वर्गाकडे वळू. पेन्सिल धरताना बोटे दुखत असतील, तर तिच्यावर चिंधी गुंडाळावी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा. वहीखाली पाटी तिरपी ठेवून चढ दिला, म्हणजे मनगटास आधार मिळतो. बाकावर बसलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील, तर खाली वीट ठेवावी. धड स्थिर नसेल, तर बोटे स्थिर राहत नाहीत. घरी कणीक मळणे, शेंगा सोलणे, ओला रुमाल पिळणे ही कामे खेळ म्हणून करवून घ्यावीत. दहा पाने शुद्धलेखनाची शिक्षा मात्र कधीही देऊ नये. थकलेला हात अधिकच थकतो. हे उपाय प्राथमिक स्वरूपाचे आहेत. मूल वारंवार पडत असेल किंवा एकच हात वापरीत असेल, तर विलंब न लावता वैद्यकीय तपासणी करवावी.

वरच्या वर्गांतील मुलामुलींस या व्यवसायाची माहिती द्यावी. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय घेऊन पदवी अभ्यासक्रमास जाता येते. तो चार वर्षांहून अधिक काळाचा असून प्रत्यक्ष रुग्णसेवेचा काळ त्यात धरलेला असतो. मुंबई व नागपूर येथील शासकीय व महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तो शिकविला जातो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने इतर आरोग्यव्यवसायांबरोबर यासही मान्यता दिली आहे. डॉक्टर होण्याची एकच वाट मुलांपुढे ठेवणाऱ्या पालकांना हे मुद्दाम सांगावे.

अशी शंका येणाऱ्या प्रत्येक मुलाविषयी आठवडाभर निरीक्षण करून टिपण ठेवावे : किती ओळींनंतर हात थांबतो, कोणत्या हाताने जेवतो, गुंड्या व चप्पलचा पट्टा स्वतः लावतो काय. ते टिपण पालकांस दाखवून गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे द्यावे. वहीवरील शेरा तोवर राहू द्यावा.