साइन म्हणजे आपली जीवाच

पेण,
गुरुपौर्णिमा

चि. बायोस अनेक आशीर्वाद.

तुझी आई फोनवर सांगत होती, अकरावी सायन्सला गेल्यापासून तू इंग्रजी शब्द घोकत बसतेस आणि चुकण्याच्या भीतीने वर्गात तोंडच उघडत नाहीस. दहावीपर्यंत मराठीतून गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी पोर ‘साइन’पाशी अडली, हे ऐकून जिवाला लागलं.

वर्तुळाची जीवा तू कितीदा काढली आहेस. साइन तिचाच वंशज. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या, जीवा. आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास अर्ध्या जीवांचं गणित मांडलं. अरबांनी ‘जीवा’ घेतली आणि ‘जीबा’ लिहिली. त्यांच्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून पुढे कुणी ते ‘जैब’ वाचलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, खोळ. हिंदीतला ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला, त्याचा झाला साइन. सर्दीत तुझ्या नाकातला जो सायनस दुखतो, तोही हाच शब्द.

आता धाटावच्या कारखान्यांमुळे तुमच्या रोह्यात सगळ्यांच्या तोंडी असलेली रसायनं घे. क्लोरिन म्हणजे ग्रीकमध्ये फिकट हिरवा. 1810 मध्ये रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने वायूचा रंग पाहून हे नाव दिलं. क्लोरिनचं कूळ हॅलोजन, म्हणजे मीठ घडवणारे. इथल्या खाडीकाठची मिठागरं आठव, शब्द विसरणार नाहीस. गणपतीच्या कारखान्यातल्या प्लास्टरच्या नावात पॅरिस आहे, कारण तिथल्या माँमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या.

आणि ऑक्सिजन? त्याचा अर्थ आम्ल घडवणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच, असं हे नाव देणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसतो. लाव्हाझिए चुकला, नाव तसंच राहिलं. आपल्या ‘प्राणवायू’ने त्याचं काम नेमकं सांगितलं.

बाळा, म्हणून सांगतो, एक वही कर. रोज एकच शब्द लिही. त्याचं मूळ, अर्थ आणि तो कुठून कसा आला ते मांड. नुसता आवाज सारखा दिसला म्हणून नातं जोडू नकोस, चांगला शब्दकोश उघडून खात्री कर. आपल्याकडून गेलेल्या शब्दाचा अभिमान बाळग, बाहेरून आलेल्याचं ऋण मान.

आणि वर्गात बोल. एका चुकीच्या वाचनातून साइन झाला, एका चुकीच्या तर्कातून ऑक्सिजन. त्या शब्दांवर विज्ञान अडलं नाही. तुझा एखादा उच्चार चुकला तर तूही अडू नकोस.

गणपतीला येशील तेव्हा वही घेऊन ये. पहिलं पान जीवेचं असू दे.

तुझा,
मामा