एवढ्या सोप्या प्रश्नातून काय कळतं?

प्रश्न : नोकरीच्या मुलाखतीत मला ‘फिझबझ’ लिहायला सांगितलं. त्यातून कंपनीला काय कळतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बरंच काही! फिझबझ म्हणजे एक छोटा प्रोग्राम : १ ते १०० आकडे छापायचे. पण ३ च्या पटीच्या जागी ‘फिझ’, ५ च्या पटीच्या जागी ‘बझ’, दोन्हींच्या पटीच्या जागी ‘फिझबझ’. घाईत उमेदवार इफ-एल्सच्या साखळीत ३ ची अट आधी लिहितो आणि १५ ला नुसतंच ‘फिझ’ उमटतं. १५ ची अट सर्वांत वर हवी. प्रश्न नीट वाचलात का, शंका विचारल्यात का, लिहिलेला कोड १५ घालून स्वतः पडताळलात का, हे परीक्षक पाहतात. नुसतं पाठांतर इथे उघडं पडतं. म्हणून रोज एक प्रश्न कागदावर सोडवा आणि तो मोठ्याने समजावून सांगायचा सराव करा.