‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ : इंग्रजी क्रियाविशेषणांचा एक पाठ

मी मूळचा इतिहासाचा विद्यार्थी. निवासी शाळेत मात्र शिक्षकाला गरजेनुसार इतर विषयही शिकवावे लागतात. त्यामुळे काही वर्षे इंग्रजीचा तास माझ्याकडे होता. एकदा नववीच्या वर्गाला ‘माझे वडील’ हा निबंध दिला. ऊसतोडणीला जाणाऱ्या वडिलांविषयी एका मुलाने लिहिले होते, ‘माय फादर वर्क्स हार्डली.’ त्याला म्हणायचे होते, ‘माझे वडील फार कष्ट करतात.’ इंग्रजी जाणणाऱ्याला मात्र ते ‘माझे वडील जेमतेमच काम करतात’ असे वाटेल. पहाटेपासून फडात कोयता चालवणाऱ्या माणसाचे कष्ट एका ‘ली’ने पुसले गेले.

दोष त्या मुलाचा नव्हता. ‘विशेषणाला ली लावला की क्रियाविशेषण होते’ हा नियम आम्हीच त्याच्याकडून पाठ करून घेतला होता. नियम खोटा नाही, अपुरा आहे.

म्हणून प्रथम विचारावे : हा शब्द कोणाविषयी सांगतो? व्यक्तीविषयी किंवा वस्तूविषयी सांगत असेल तर विशेषण : ‘ही इज अ केअरफुल ड्रायव्हर.’ क्रियेविषयी सांगत असेल तर क्रियाविशेषण : ‘ही ड्राइव्हज केअरफुली.’ येथे आपली मराठी आपल्याला चकवते. ‘मुलगा चांगला गातो’, ‘मुलगी चांगली गाते’ असे आपण म्हणतो. ‘चांगला’ हा शब्द गाण्याविषयी सांगतो, पण रूप गाणाऱ्याप्रमाणे बदलतो. त्यामुळे ‘शी सिंग्ज गुड’ असे तोंडी येते. प्रमाण इंग्रजीत ‘शी सिंग्ज वेल’ हवे.

याउलट लुक, फील, टेस्ट, स्मेल ही क्रियापदे अनेकदा कर्त्याचाच गुण सांगतात. चहा गोड लागतो, तेव्हा गोडी चहाची असते. म्हणून ‘द टी टेस्ट्स स्वीट’. तेथे ‘स्वीटली’ नको.

दुसरा प्रश्न : ‘ली’ लावल्याने अर्थ बदलतो का? ‘फास्ट’ला तर ‘ली’ लागतच नाही. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘नियर’ म्हणजे जवळ, ‘नियरली’ म्हणजे जवळजवळ. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, ‘हार्डली’ म्हणजे क्वचित, जेमतेम. शिवाय ‘ली’ने संपणारा प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो : फ्रेंडली, लव्हली ही विशेषणेच आहेत.

असे का, याचे उत्तर इतिहासात आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी ‘ए’ जोडून क्रियाविशेषण करीत. पुढे त्या ‘ए’चा उच्चार लोपला आणि दोन्ही रूपे सारखी दिसू लागली. ‘ली’ हा त्याच काळातील दुसऱ्या, लांब प्रत्ययाचा झिजलेला अवशेष. अठराव्या शतकात रॉबर्ट लोथसारख्या व्याकरणकारांनी (त्याचे व्याकरण १७६२ मध्ये निघाले) ‘ली’विना येणाऱ्या क्रियाविशेषणांना नावे ठेवली, तरी लोकांच्या बोलण्यातून ती गेली नाहीत. म्हणून ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या गर्दीत नीरा-बारामती रस्त्यावर कोणी ‘गो स्लो’ असा फलक लावला, तर तो अशुद्ध ठरत नाही. मात्र औपचारिक लेखनात ‘स्लोली’ वापरावे. क्रियापदाच्या आधी तर तेच हवे : ‘ही स्लोली ओपन्ड द डोअर.’

‘ली’चे उत्तम उदाहरण आपले विद्यार्थी परिपाठात रोज म्हणतात. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी अंगीकृत झालेल्या संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजीत ‘सॉलेम्नली’ हा शब्द आहे, मराठीत ‘संकल्पपूर्वक’. निर्धार कसा केला, हे तो शब्द सांगतो. आपला ‘पूर्वक’ येथे ‘ली’चेच काम करतो.

माजी विद्यार्थ्यांनो, नोकरीचा अर्ज लिहिताना किंवा मुलाखतीत स्वतःच्या कष्टांविषयी बोलताना हे दोन प्रश्न मनाशी विचारा. पालकांनो, मुलांची वही पाहताना तेच त्यांना विचारा. त्या मुलाला मी तांबड्या शाईने दुरुस्ती करून दिली नाही. दोन्ही वाक्यांचे अर्थ फळ्यावर लिहिले आणि थांबलो. त्याने स्वतःच दोन अक्षरे खोडली. वहीत राहिले : ‘माय फादर वर्क्स हार्ड.’