परसबागेतील लव्हाळा व त्याचा बंदोबस्त

घराच्या मागील दारी न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन-चार वाफे, पाटाच्या कडेला अळू, कुंपणावर दोडक्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, एवढी लहानशी परसबाग असली तरी कुटुंबास बहुतेक दिवस घरची ताजी भाजी मिळू शकते. अशी बाग मोडते ती पुष्कळदा किडीने नव्हे किंवा पाण्याच्या टंचाईनेही नव्हे, तर तणाने. परसातील खुरपणी बहुधा घरच्या गृहिणीकडे असते आणि तिच्या हाती त्या कामास दिवसाकाठी अर्धा तास, फार तर पाऊण तास असतो. वाफा स्वच्छ करून आठ दिवस लोटत नाहीत तोच तो पुन्हा हिरवा झालेला दिसतो. असे दोन हंगाम गेले म्हणजे ती वाफा सोडून देते, तेथे सरपण रचले जाते, आणि भाजी बाजारातून येऊ लागते. गावोगावी अशी सोडलेली परसे पाहिली असता त्यांपैकी पुष्कळांत एकच तण माजलेले आढळते. ते म्हणजे लव्हाळा.

हरळी, गाजरगवत, आंबुशी, घोळ, माठ, दीपमाळ अशी इतर तणे परसात असतातच. त्यांपैकी वर्षायू तणे फुलावर येण्यापूर्वी उपटली म्हणजे त्यांचा प्रश्न बराचसा मिटतो. लव्हाळ्याचे तसे नाही. १९७७ साली होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील अत्यंत उपद्रवी तणांविषयीचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पहिले स्थान लव्हाळ्यास दिलेले आहे. तुकोबांनी नम्रतेचा दाखला देताना लव्हाळ्याचे नाव घेतले हे आपण सर्व जाणतो. तथापि ज्याने भाजीच्या वाफ्यात त्याच्याशी झुंज घेतली आहे त्यास त्याची नम्रता फारशी प्रत्ययास येत नाही.

लव्हाळा ओळखावा कसा?

पुष्कळ लोक यास गवत समजतात. गवताची काडी गोल असते, तर लव्हाळ्याचा फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरविला असता तिधारी लागतो. पाने गडद हिरवी, तुळतुळीत व टोकदार असून बुडाशी एकत्र निघतात. फुलोरा तांबूस तपकिरी असतो. मात्र त्याच्या बियांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही; त्या क्वचितच उगवतात. खरा प्रकार जमिनीखाली आहे. रोप अलगद खणून काढल्यास बुडाशी फुगीर बुडखा दिसतो. त्यापासून दोऱ्यासारखी आडवी खोडे निघतात आणि त्या दोऱ्यांवर माळेतील मण्यांप्रमाणे काळसर, सुगंधी गाठी असतात. ह्याच गाठी वैद्यकात मुस्ता किंवा मोथा म्हणून वापरतात. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. बहुतेक गाठी जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात राहतात, काही त्याहून खोल जातात.

ह्या माळेचा एक गुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, कारण पुढील सर्व उपाय त्यावर उभे आहेत. माळ अखंड असते तोवर तिच्यातील थोड्याच गाठी फुटतात, बाकीच्या निजलेल्या असतात. माळ तुटली की प्रत्येक तुकडा स्वतंत्र होतो आणि निजलेल्या गाठी जाग्या होतात. एका गाठीपासून तीन महिन्यांत शंभराच्या आसपास गाठी तयार झाल्याची नोंद आहे.

एक चुकलेला सल्ला

प्रस्तुत लेखकास हे ज्ञान पुस्तकातून अगोदरच मिळालेले होते, पण त्याचा अर्थ कळला तो एका परसात. काही वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावी एका वृद्ध मावशींच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. घरामागे सुमारे एक गुंठ्याची बाग होती. तिच्या एका कोपऱ्यात, मोरीच्या पाण्याजवळ, खाटेएवढ्या जागेत लव्हाळा होता. तो नदीकाठचा पोयटा ट्रॉलीने आणून टाकल्यापासून आला, असे मावशींचे म्हणणे होते आणि ते बरोबर असावे. आषाढ महिना होता, जमीन ओली होती. शेजाऱ्याकडे पॉवर वीडर नावाचे छोटे यंत्र होते. “एकदा सगळी बाग यंत्राने उलटीपालटी करून घ्या, म्हणजे मुळासकट जाईल,” असा सल्ला मी दिला आणि समोर उभा राहून ते काम करवून घेतले. जमीन लोण्यासारखी झाली. सर्वांस समाधान वाटले.

गौरीगणपतीच्या सुमारास पुन्हा गेलो तेव्हा खाटेएवढा लव्हाळा सबंध गुंठाभर झालेला होता. यंत्राच्या पात्यांनी माळा तोडल्या, गाठी सर्वत्र पेरल्या आणि पावसाने त्या रुजविल्या. मेथी व कोथिंबीर दिसतसुद्धा नव्हती. मावशी रागावल्या नाहीत. “साहेब, पेरणी मात्र तुमची झकास उतरली,” एवढेच त्या म्हणाल्या.

ओल्या जमिनीत लव्हाळ्यावर यंत्र, कुळव किंवा नांगर चालविणे म्हणजे त्याची लागवड करणे होय. तेच काम कडक उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना केले तर उपयोगी पडते, कारण वर आलेल्या गाठी उन्हाने वाळतात. वाळणे हे गाठीचे खरे मरण आहे. मार्च ते मे महिन्यांत उघड्यावर, एकेरी थरात पसरलेल्या गाठी एक-दोन आठवड्यांत निकामी होतात. मातीच्या ढेकळात दडलेल्या गाठी मात्र वाचतात, यास्तव ढेकळे फोडावीत.

शेतापेक्षा परसात हे तण अधिक चिवट का, याचे उत्तरही यातच आहे. कोरडवाहू शेताची जमीन उन्हाळ्यात तापते, सुकते. परसातील जमीन सांडपाण्यामुळे बारमाही ओली राहते, म्हणून तेथे गाठीस वाळण्याची पाळीच येत नाही.

उपाय

पुढे मावशींच्या परसात जे केले तेच येथे देत आहे. यात कोणतीही विशेष युक्ती नाही. काम वेळेवर होणे महत्त्वाचे आहे.

बागेचे दोन भाग करावेत. सबंध बाग एकदम मोकळी केली तर घरात भाजी राहत नाही, आणि मग काम अर्ध्यावर सुटते. दोन भागांच्या मध्ये जुन्या पत्र्याची पट्टी सुमारे तीस सेंटिमीटर खोल उभी गाडावी, म्हणजे एका भागातील दोरे दुसऱ्या भागात सहसा शिरणार नाहीत. पहिल्या वर्षी होळीनंतर एका भागाचे पाणी पूर्ण तोडावे. न्हाणीचे पाणी दुसऱ्या भागाकडे, केळीच्या आळ्याकडे अथवा शोषखड्ड्याकडे वळवावे. जमीन वाळली की कुदळीने किंवा टिकावाने वीतभर खोल खणावे. खणताना दोरे ओढून तोडू नयेत. ढेकूळ उचलून फोडावे आणि गाठी हाताने वेचून घमेल्यात टाकाव्यात. शक्य असल्यास माती वाळूच्या चाळणीतून काढावी. मावशींच्या अर्ध्या गुंठ्यास दोन माणसांचे चार दिवस लागले. वेचलेल्या गाठी पत्र्यावर किंवा फरसबंदीवर पूर्ण वाळवाव्यात व नंतर चुलीत घालाव्यात. उकिरड्यावर त्या कधीही टाकू नयेत. साध्या उकिरड्यात त्या मरतील इतकी उष्णता सर्वत्र निर्माण होत नाही, आणि पुढील वर्षी शेणखताबरोबर त्या पुन्हा वाफ्यात येतात. खणलेली जागा पाऊस पडेपर्यंत उघडी ठेवून आठवड्यातून एकदा दंताळ्याने हलवावी.

इतके करूनही खोलवरच्या गाठी राहतातच. पाऊस पडताच त्या फुटतील. येथे निराश होण्याचे कारण नाही, कारण गाठीवर खरा घाव ह्याच वेळी घालता येतो. कोंब जमिनीबाहेर येऊन पाने पसरीपर्यंत सर्व खर्च गाठीतील साठ्यातून होत असतो. पाने पसरली म्हणजे ती अन्न तयार करू लागतात, आणि साधारणतः तीन ते सहा आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. यास्तव कोंब तीन आठवड्यांचा होण्यापूर्वी खुरप्याने थोडे खोल जाऊन काढला, तर गाठीचा खर्च होतो आणि जमा काहीच होत नाही. पुन्हा कोंब येईल, पुन्हा काढावा. दर पंधरा दिवसांस एक खुरपणी, अशी जूनपासून दिवाळीपर्यंत पाळी चुकवू नये. महिनाभराने एकदा मोठी खुरपणी करण्याचा जो प्रघात आहे तो नेमका लव्हाळ्याच्या सोयीचा आहे. तेवढ्या अवधीत तो खर्चलेले सर्व भरून काढतो. घरात लग्नकार्य, आजारपण किंवा भात लावणी असली तरी पंधरवड्याची ती अर्धा तासाची पाळी कोणीतरी घ्यावी. शाळेतील मुलांसही हे काम जमते.

मावशींनी खुरपणीचे दिवस अमावास्या-पौर्णिमेस बांधून घेतले होते. दिनदर्शिका पाहण्याची गरज राहिली नाही. दुसऱ्या वर्षी बागेचा उरलेला भाग याच रीतीने घेतला. त्या पावसाळ्यात पहिल्या भागात कोंब विरळ व बारीक येऊ लागले होते. तरी पाळी सोडली नाही.

सावलीचे साहाय्य

लव्हाळ्यास ऊन लागते. दाट सावलीत तो खुरटतो आणि गाठीही कमी धरतो. म्हणून ज्या भागात खणाई झाली तेथे पहिल्या पावसाळ्यात मेथी, कांदा, कोथिंबीर यांसारखी उघडी पिके घेऊ नयेत. सुरुवातीच्या दोन-तीन खुरपण्या झाल्या की चवळी, लाल भोपळा किंवा रताळे यांनी जमीन झाकून टाकावी. भाजी नको असल्यास ताग दाट पेरून फुलावर येताच जमिनीत गाडावा. पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरल्याने इतर पुष्कळ तणे दबतात, पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असल्याने तो त्यातून सहज वर येतो. काळा प्लॅस्टिक कागदही तो भोसकतो. पारदर्शक कागदाखाली मात्र उजेड मिळाल्याने त्याची पाने आतच उघडतात व अडकून पडतात. एप्रिल-मे महिन्यांत जमीन भिजवून पारदर्शक कागद चार ते सहा आठवडे कडा मातीने दाबून घट्ट अंथरला, तर वरच्या थरातील बऱ्याच गाठी उष्णतेने दुबळ्या होतात. खोल गाठी यानेही मरत नाहीत, म्हणून कागद अंथरला तरी पंधरवड्याची खुरपणी सुटत नाही.

तणनाशकांविषयी

“एखादे औषध सांगा” हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. परसबागेपुरते उत्तर नकारार्थी आहे. एका वाफ्यात वांगी, शेजारी पालक, वर दोडका अशा मिश्र लागवडीत सर्व पिकांस सुरक्षित असे तणनाशक असू शकत नाही. टू-फोर-डी या औषधाचे तुषार व वाफ वाऱ्याने वाहून टोमॅटो, भेंडी व कापूस यांची पाने वेडीवाकडी करतात; त्यात शेजाऱ्याचेही नुकसान होते. ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र शासनाने २०२२ साली काढली. शिवाय परसात कोंबड्या, शेळ्या व लहान मुले वावरतात, आणि विहीर किंवा हातपंप जवळच असतो. उसाच्या फडासाठी आणलेले उरलेले औषध परसात मारण्याची सवय तर मुळीच नसावी.

हरळी व गाजरगवत

हरळीस वरील रीत बहुतांशी लागू पडते. गणपतीस वाहतो ती दूर्वा आणि वाफ्यात शिरणारी हरळी एकच होय, म्हणून काही घरी ती उपटण्यास मन घेत नाही. तिच्यासाठी कुंडीत वेगळी जागा करावी. तिचे वरचे धावते खोड व जमिनीतील खोड, दोन्हींच्या प्रत्येक पेऱ्यापासून नवे रोप होते, म्हणून तुकडे वाफ्यात पडू देऊ नयेत. तीही सावलीत तग धरत नाही.

गाजरगवताची गोष्ट निराळी आहे. पुण्यात १९५५ साली नजरेस आलेले हे तण आज देशभर पसरलेले आहे. त्याचा सर्व प्रसार बियांनी होतो आणि एका झाडास हजारो बिया धरतात. म्हणून पांढरी फुले दिसण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटणे एवढाच नियम पुरतो. उपटताना हातमोजे घालावेत, निदान हातांस प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, कारण अनेकांच्या कातडीस त्याने खाज व पुरळ येते. फुलावर आलेले झाड खतात घालू नये. त्याच्या पानांवर पिवळसर, काळ्या नागमोडी रेघांचे लहान भुंगेरे दिसल्यास मारू नयेत. मेक्सिकोतील हे भुंगेरे १९८४ साली बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आले. पावसाळ्यात ते गाजरगवताची पाने खाऊन फस्त करतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावात सभा घेऊन ही माहिती सांगितली तर ती ऐकली जाते, परंतु पाळली जात नाही. त्याऐवजी एकाच घरचे परस निवडून खणाईच्या दिवशी शेजारणींस बोलवावे आणि माळेसह काढलेला लव्हाळा त्यांच्या हाती द्यावा. दोरा तोडून दाखवावा. एक तुकडा ओल्या मातीच्या डब्यात, दुसरा पत्र्यावर उन्हात ठेवून पंधरा दिवसांनी दोन्ही सर्वांसमोर उघडावेत. परसाचे काम जिच्याकडे आहे तिच्याशी बोलावे. अनेकदा माहितीपत्रक घरातील पुरुषाच्या हाती जाते आणि तेथेच राहते.

मावशींच्या बागेत तिसऱ्या पावसाळ्यात मोरीच्या दगडाखालून काही कोंब आले. दगड काढून तेथील माती खणावी लागली, त्यात मूठभर गाठी निघाल्या. ज्या घरी अजून लव्हाळा नाही त्यांनी पोयटा, शेणखत व रोपे आणताना तपासून घ्यावीत. मातीचा नमुना डब्यात ओला करून दोन-तीन आठवडे उन्हात ठेवावा. तिधारी कोंब दिसल्यास ती माती परसात टाकू नये. रोपवाटिकेतून पिशवीतील रोप आणल्यास पिशवी फाडून मुळांभोवतीची माती बोटांनी चाचपावी, आणि काळी गाठ लागली तर रोप लावण्यापूर्वी ती काढून चुलीत टाकावी.