यांत्रिक हातानें खणतांना मातीची पारख

कुदळ हातीं असली म्हणजे मातीची जात मनगटास आपोआप कळते. खणणारें यंत्र आपल्यापासून दूर असेल तर ही पारख कशानें करावी? मंगळ ग्रहावरील दोन खोदकामांत याचा चांगला धडा आहे. तो आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेचें फिनिक्स यान २५ मे २००८ रोजीं मंगळाच्या उत्तरेकडील मैदानावर उतरलें. त्याच्या २.३५ मीटर लांबीच्या यांत्रिक हातानें चर खणतांच तळाशीं पांढरे खडे दिसले. हें मीठ कीं बर्फ? चार दिवसांनीं पुन्हा छायाचित्र घेतलें तों खडे नाहींसे झाले होते. मीठ असें विरून जात नाहीं. म्हणून तें बर्फ ठरलें. उकरलेली माती इतकी ढेकळें धरी कीं, तपासणीच्या भट्टीवरील चाळणींतून ती प्रथम गळेचना. पाण्यांत कालवितां तिचा सामू सुमारें ७.७ भरला, व तींत चुनाही आढळला.

दुसरा प्रसंग अधिक विचार करण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्यें उतरलेल्या इनसाइट यानाबरोबर सुमारें ४० सेंटिमीटर लांबीचा, आपल्याच ठोक्यांनीं खालीं शिरणारा एक खिळा होता. तो पांच मीटर खोल जावा अशी योजना होती. पण ३५ सेंटिमीटरांच्या सुमारास तो अडला. भुसभुशीत वाळू भोंवतीं ढासळून खिळ्यास धरून ठेवील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षांत वर सुमारें वीतभर जाडीचा घट्ट झालेला थर निघाला. खिळ्याभोंवतीं उभ्या कडांचा खड्डा पडला, पकड राहिली नाहीं, आणि प्रत्येक ठोक्यासरशी खिळा जागच्या जागीं उसळूं लागला. फावड्यानें दाबूनही कडा पुरत्या ढासळल्या नाहींत. जानेवारी २०२१ मध्यें तो उद्योग सोडून द्यावा लागला. ती उभी कड हीच मातीची खरी साक्ष होती, असें आम्हांस वाटतें. कोरडी सुटी वाळू अशी उभी राहत नाहीं.

शेततळें किंवा विहीर यंत्रानें खणवितांनाही हीच साक्ष घ्यावी. केवळ यंत्रास पडणाऱ्या जोरावर विसंबूं नये. एकच काळी माती ओली असतां लोण्यासारखी कापते व सुकली म्हणजे दगडासारखी लागते. कापलेली कड पाहावी. ओलसर चिकण मातीची कड गुळगुळीत व चकचकीत दिसते. मुरूम खरखरीत सुटतो. यंत्रवाला तासावर पैसे घेतो, तो आपण होऊन थांबणार नाहीं. थर बदलतांच त्यास थांबवावें, वरची माती निराळी टाकवावी, आणि शेततळ्याच्या तळाशीं मुरूम लागल्यास अस्तराचा खर्च आधीं हिशेबांत धरूनच पुढें खणावें.